कृषी पत्तीनचं बिनव्याजी पीककर्ज: शेतकरी बाईच्या बाजूनं तपासलं तर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात शेतीला मिळणाऱ्या पैशांत गावच्या प्राथमिक कृषी पत्तीन (कन्नडमध्ये पत्तीन म्हणजे पतपुरवठ्याचा) सहकारी संघाचं, म्हणजे आपल्या पीकेपीएसचं, पीककर्ज सगळ्यांत स्वस्त आहे. जिच्या नावावर उतारा आहे त्या बाईनं आधी तिथंच जावं. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला, त्यातला एक यासाठी की शेत कोण करतं हे हा संघ बघत नाही, उताऱ्यावर नाव कुणाचं आहे तेवढंच बघतो. भाताची रोपं लावणारी, रताळ्याचे वेल लावणारी, सोयाबीन टोकणणारी, भांगलणीला पाठ मोडून घेणारी बाई त्या काउंटरला दिसतच नाही. देशात शेतीची खाती बाईच्या नावावर किती, तर २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे शंभरात चौदाच्या आसपास. म्हणून या कर्जाची पारख व्याजदरापासून न करता उताऱ्यापासून करावी लागते.

व्याजाचं मात्र आधी उरकून घेऊ. कर्नाटक सरकारनं २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सहकारी संघांच्या बिनव्याजी अल्पमुदत कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. विहीर, पाइपलाइन, गोठा अशा मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या कामांना ३ टक्के व्याजाची मर्यादा १० लाखांवरून १५ लाख केली. ही वरची मर्यादा झाली. हातात किती पडेल ते एकरी ठरलेला दर, तुमचं क्षेत्र आणि संघाकडं त्या वर्षी आलेला पैसा यांवर ठरतं. पाच लाख ऐकून गेलेल्या बाईला साठ-सत्तर हजार मंजूर झाले तर लगेच फसवणूक समजू नये, पण हिशेब मात्र मागावा. तो कसा असतो ते पुढं आहे.

आता उतारा. आपल्याकडं सातबारा नाही, आरटीसी आहे. कुणी पहाणी म्हणतं, कुणी नुसतं उतारा. त्यातला ९ नंबरचा रकाना मालकाचा: नाव, क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि खाते नंबर. १० मध्ये जमीन कशी आली ते, फेरफाराच्या म्हणजे एमआरच्या नंबरासह. ११ मध्ये इतर हक्क आणि बोजा. १२ मध्ये पीक आणि कसणाऱ्याचं नाव. कर्जाच्या कामाला ९ आणि ११ हे दोन रकाने पुरे. ९ मध्ये बाईचं नाव नसेल तर १२ मध्ये काहीही असो, सेक्रेटरी अर्ज बाजूला ठेवतो. ११ मध्ये सासऱ्यानं कधीतरी काढलेलं इंजिनाचं कर्ज अजून दिसत असेल तर ते फिटलेलं असलं तरी नवं कर्ज अडतं.

९ नंबरला नाव असूनही काम अडण्याची एक हमखास जागा म्हणजे नावाची नोंद. आपल्या भागात जुन्या नोंदी अशा असतात: बाईचं नाव, मग ‘कोम’, मग नवऱ्याचं नाव आणि आडनाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. पुरुषाच्या नावापुढं बापाचं नाव जोडताना ‘बिन’ येतं. उताऱ्यावर ‘लक्ष्मव्वा कोम’ असं कन्नडमध्ये, आधारवर ‘लक्ष्मी’ इंग्रजीत, बँकेच्या पासबुकावर ‘लक्ष्मीबाई’ आणि मतदान कार्डावर माहेरचं नाव, अशी चार नावं एकाच बाईची निघतात. पुरुषाच्या बाबतीत हे कमी घडतं, कारण लग्नानं त्याचं नाव बदलत नाही. दुरुस्ती करायची झाली तर आधार उताऱ्याच्या जवळ आणावं, उतारा आधारच्या जवळ आणायला जाऊ नये. आधारमधली दुरुस्ती काही दिवसांत होते, उताऱ्यावरच्या नावाला तहसीलदार कचेरीच्या फेऱ्या लागतात. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. ते आधीच करून फाइलला लावावं, साहेबांनी मागायची वाट बघू नये.

यानंतर एफआयडी. राज्याच्या फ्रुट्स नावाच्या प्रणालीत शेतकऱ्याची नोंद होते आणि तिचा नंबर मिळतो, तो एफआयडी. पीककर्ज, पीकविमा, रयत संपर्क केंद्रातलं अनुदानाचं बियाणं, सगळं त्यावर चालतं. नोंद रयत संपर्क केंद्रात होते. इथं बघायचं ते एवढंच की बाईच्या एफआयडीला तिचे सगळे सर्व्हे नंबर जोडलेले आहेत ना. तीन तुकडे असतात आणि जोडलेला असतो एक, मग कर्ज एकाच तुकड्यावर निघतं. नोंदीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर मुलाचा किंवा दिराचा असेल तर प्रत्येक ओटीपीला त्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागतं. स्वतःचा नंबर द्यावा. साधा फोन असला तरी ओटीपी येतो.

ज्या बाईचं नाव ९ नंबरला नाहीच, तिचं काय? इथंच खरं काम आहे, आणि त्याला एका हंगामापेक्षा जास्त वेळ लागतो. नवरा वारला असेल तर पौती खातं करून घ्यायचं, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लावायची. मृत्यूचा दाखला, वंशवृक्ष, सगळ्या वारसांची आधार कार्डं आणि चालू उतारा घेऊन नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत, अर्ज. तलाठी चौकशी करतो, नोटीस निघते, हरकतीची मुदत गेली की एमआर मंजूर होतो आणि ९ नंबर बदलतो. घोटाळा वंशवृक्षात होतो. विधवेचं नाव घालून मुलींची गाळायची, किंवा मुलांची घालून विधवेचंच गाळायचं, हे सर्रास घडतं. हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. मुलींना कर्नाटकानं १९९४ मध्येच काही अटींवर हिस्सा दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मुलांच्या बरोबरीनं मिळाला. बाप कधी वारला हा मुद्दाही २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिटला. भाऊ ‘सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून कागद पुढं करतो तेव्हा तो हक्कसोडपत्राचा आहे की वंशवृक्षाचा, एवढं तरी कन्नड वाचणाऱ्या तिऱ्हाइताकडून वाचून घ्यावं. नात्यात वितुष्ट आणा असं आम्ही म्हणत नाही. ज्या कागदावर जमीन जाते तो कागद न वाचता सही करू नका, एवढंच म्हणतो.

पौती झाली की बहुतेकदा खातं सामाईक होतं: आई, दोन मुलगे, एक मुलगी, सगळी नावं एका ओळीखाली एक. सामाईक खात्यावर कर्ज मिळतं, पण बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि मुंबईत किंवा गोव्यात नोकरीला असलेल्या भावाची सही मिळवता मिळवता मृग निघून जातो. वेगळं खातं करायचं तर वाटणी, तिच्यासाठी भूमापन खात्याचा ११-ई नकाशा, मग नोंदणी आणि पुन्हा एमआर. खर्च आहे, वेळ आहे, पण एकदाच. दोन एकर मोठ्या जमिनीत नाव लटकत ठेवण्यापेक्षा बारा गुंठे वेगळे निघाले तरी बाईच्या कर्जाला ते जास्त उपयोगी पडतात, असं आमचं ठाम मत आहे.

नवरा हयात आहे आणि जमीन त्याच्या नावावर आहे, ही सगळ्यांत जास्त घरांतली गोष्ट. पीकेपीएसकडं यावर उत्तर नाही. नवऱ्यानं काही गुंठे बक्षीसपत्रानं किंवा वाटणीपत्रानं बायकोच्या नावावर केले तरच दार उघडतं. घरात पटत असेल तर जरूर करावं. त्यानं घरात कर्ज मिळायच्या दोन वेगळ्या वाटा होतात आणि एकाचं खातं थकलं तरी दुसरं चालू राहतं.

आता खुद्द संघाचं कामकाज. आधी सभासद व्हावं लागतं. अर्ज, प्रवेश फी आणि भागभांडवलाची रक्कम भरली की संघाचं मंडळ ठराव करतं. मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या दोघींना अर्जाची आठवण देत राहिलं तर ठराव लवकर होतो, हा अनुभव गावोगाव सारखाच आहे. मग कर्जदारांची यादी जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखेकडं जाते, तिथून मंजुरी, मग एफआयडीवरून बोजाची नोंद आणि शेवटी खात्यावर पैसे. कर्जातून शेअरपोटी ठरावीक टक्के कापून घेतात. ही रक्कम बुडत नाही, तुमच्या नावावर शेअर म्हणून राहते, पण हातात तेवढी कमी येते. किती कापली त्याची पावती मागावी.

वेळेचं गणित इथंच चुकतं. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी मे संपता संपता सुरू होते. म्हणजे बी आणि खत मेच्या मध्याला घरात हवं. मार्चभर संघ वसुलीत बुडालेला असतो, नव्या अर्जाला कुणी हात लावत नाही. नवीन सभासद बाईनं संक्रांतीच्या सुमारासच अर्ज टाकावा, म्हणजे एप्रिलच्या बैठकीत नाव लागतं. मेमध्ये अर्ज करणाऱ्या बाईचे पैसे गणपतीत येतात. तोवर खत उधारीवर आलेलं असतं, आणि दुकानदारानं बिलात उधारीचं चढवलेलं असतं.

किती कर्ज मिळायला हवं, ते स्वतः काढता आलं पाहिजे. प्रत्येक पिकाचा एकरी दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. किसान क्रेडिट कार्डाचा नियम असा: दर गुणिले क्षेत्र, त्यात काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, अवजारं आणि शेताच्या देखभालीसाठी २० टक्के, वर विम्याचा हप्ता. समजायला सोपं जावं म्हणून एकरी दर ५०,००० धरू आणि क्षेत्र १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. ७५,००० अधिक ७,५०० अधिक १५,०००, असे ९७,५०० रुपये होतात. पुढं दरवर्षी १० टक्के वाढ धरून पाच वर्षांची मर्यादा एकदमच ठरते, पाचव्या वर्षी ती १,४२,००० च्या वर जाते. वर्षात दोन पिकं घेत असाल, खरिपात सोयाबीन आणि मागून शाळू किंवा हरभरा, तर दोन्ही पिकांचा दर धरायला हवा. व्यवहारात पहिले ७५,००० लिहितात आणि वरचे १० आणि २० टक्के गाळतात. बाईनं नुसतं ‘ते तीस टक्के धरलेत का?’ एवढं विचारलं तरी समोरचा माणूस सावरून बसतो. पीकेपीएसमध्ये हे जोड टक्के मिळवणं अवघड, राष्ट्रीयीकृत बँकेत सोपं. उरलेला अर्धा तारा आम्ही इथं कापला.

आता मुदत, जिला कन्नड कागदावर वायदे म्हणतात. शून्य टक्के हे वेळेत भरणाऱ्याला आहे. मुदत एका दिवसानं चुकली तरी सवलत जाते आणि उचल घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून मुदतीची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी आणि तिच्या आठ दिवस आधी भरावं, कारण शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो. उसाचा पेच वेगळा आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, आणि केंद्राची व्याजसवलत मात्र जास्तीत जास्त एका वर्षाची. बिल यायच्या आत वर्ष भरतं. ज्यांच्याकडं सगळं रान आडसालीत आहे त्यांनी थोडं क्षेत्र सुरूला (वर्षभरात तुटणाऱ्या लागणीला) किंवा खोडव्याला (तुटलेल्या उसाच्या फुटव्याला) ठेवलं तर मधे पैसा फिरतो.

याच मुदतीपायी ‘नवं-जुनं’ करण्याची रीत पडली आहे. जुनं भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. मधल्या आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे खासगी माणसाकडून, शेकड्यावर, म्हणजे शंभराला महिन्याला ठरलेल्या व्याजानं. बाईला हे जड जातं, कारण असा हातउसना मोठा पैसा तिला कुणी तोंडी शब्दावर देत नाही. दिला तर गळ्यातलं काढून ठेवून. संघातून नवं कर्ज किती दिवसांत उचलता येईल हे भरायच्या आधी सेक्रेटरीकडून नक्की करून घ्या. तो तारीख सांगत नसेल तर शेकड्यानं पैसे उचलून भरण्याच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा आपल्याजवळचे थोडे-थोडे टाकत जा, मुद्दल कमी होत जाईल.

निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाडच्या उसाच्या बाईला आणखी एक जागा सांभाळायची आहे. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात उसाची नोंद कुणाच्या नावावर आहे? कर्ज बाईच्या नावावर, उतारा बाईच्या नावावर आणि ऊसनोंद मात्र नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, असं फार घरांत असतं. बिल नोंद असलेल्याच्या खात्यावर जातं, बाईचं कर्ज तसंच राहतं आणि थकबाकीदार म्हणून तिचंच नाव लागतं. लागवडीची नोंद करतानाच उतारा, एफआयडी आणि बँक खातं तिघांवर एकच नाव द्यायचं. बिलातून कर्ज परस्पर कापून घेण्याचं संमतीपत्र दिलं असेल तर वसुली आपोआप होते आणि बँकाही मालाच्या बिलातून वसुलीची अशी जोड असेल तर ३ लाखांपर्यंत गहाण मागत नाहीत.

राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेचं किसान क्रेडिट कार्ड हा दुसरा पर्याय. योजना १९९८ पासूनची आहे. ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत भरलं की ३ टक्के परत, म्हणजे ४ टक्के. १ लाख वर्षभर वापरले तर ७,००० व्याज लागतं आणि ३,००० मागाहून खात्यावर येतात. ते आले का, हे पासबुक भरून बघावं लागतं, कुणी सांगत नाही. पीकेपीएसच्या शून्यापुढं हे महाग. पण तीन गोष्टींत बँक पुढं आहे. रक्कम नियमाप्रमाणं निघते. खातं फिरतं असतं, आज भरले आणि उद्या लागले तर परत काढता येतात, त्यामुळं नवं-जुनंची घालमेल कमी. आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला गहाण लागत नाही, आधी ही हद्द १ लाख ६० हजार होती. ३ लाखांपर्यंत प्रक्रिया आणि तपासणीचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि अर्ज पूर्ण असेल तर चौदा दिवसांत निकाल द्यायचा, असं बँकांना सांगितलेलं आहे. म्हणून अर्जाची पोच तारखेसकट घ्या. पोच हातात नसेल तर चौदा दिवस कधी सुरू झाले हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. दोन लाखांच्या आतल्या बाईला ‘वकिलाचा सर्च आणा, दोन जामीन आणा’ म्हटलं तर ते लेखी मागा. तरी अडवलंच आणि तीस दिवसांत तक्रारीला उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फोन १४४४८. पीकेपीएसचा वाद मात्र सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडं न्यावा लागतो.

जी बाई खंडानं किंवा वाट्यानं रान करते तिला कार्ड द्या असं नियम म्हणतो, पण त्यासाठी लागणारा कागद तिला मिळत नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी कराराचे खंडकरी आणि वाटेकरी स्पष्ट लिहिलेले आहेत. पण कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, शेतजमीन खंडानं द्यायलाच बंदी आहे, त्यामुळं कुठलाच मालक लिहून देत नाही. यातून वाट एकच, संयुक्त दायित्व गट. चार ते दहा जणी मिळून, एकमेकींच्या जबाबदारीवर. शाखेचा साहेब मनावर घेणारा असेल तर हे होतं. नसेल तर वेळ घालवू नये.

अशा बाईच्या घरी म्हैस असेल तर जनावरांसाठीचं किसान क्रेडिट कार्ड बघावं. त्याला जमिनीचा उतारा लागत नाही, २ लाखांपर्यंत व्याजाची सवलत आहे, डेअरीचं दूध पुस्तक आणि गोठा दाखवला की पुरतं. एवढं लक्षात ठेवा की हा पैसा पेंड, चारा, औषधपाण्याचा आहे. नवी म्हैस घ्यायला तो नाही.

महिला संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या, कर्जाला आमचे चार तारे, पण ते शेतीकर्ज म्हणून नव्हे. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाखालच्या संघाला पहिली उचल जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांत जे जास्त असेल ते मिळू शकतं. बारा जणी महिन्याला २०० प्रमाणं दोन वर्षं साठवत असतील तर ५७,६०० होतात आणि सहापट म्हणजे ३,४५,६००. वाटून प्रत्येकीला २८,८००. भाताच्या बी-खताला, रताळ्याच्या वेलाला हे पुरतं, एकरभर उसाला पुरत नाही. ३ लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. वही नीट नसेल तर सगळं अडतं. बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री बँकेचा माणूस वहीतूनच तपासतो. वही एकीच्याच घरी आणि तिच्याच हातात असेल तर सहा महिन्यांनी ती दुसरीकडं फिरवावी.

आणि दारात येणारं साप्ताहिक कर्ज, म्हणजे मायक्रोफायनान्स संस्थांचं. उतारा नको, नवऱ्याची सही नको, तीन दिवसांत पैसे, म्हणून बाई तिकडं जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, बाकीची दारं बंद असतात. २४ टक्क्यांनी १ लाख वर्षभराच्या हप्त्यांत घेतले तर साधारण पावणेतेरा हजार व्याज जातं आणि ‘शेकड्यापेक्षा किती स्वस्त!’ असं वाटतं, कारण शेकडा तीनच्या सावकाराचे ३६,००० होतात. पण सावकाराकडं लाख रुपये वर्षभर तुमच्याजवळ असतात, इथं दुसऱ्या आठवड्यापासून २,१०० च्या वर हप्ता सुरू. सोयाबीन घरात यायला शंभर दिवस. ते शंभर दिवस हप्ता कुठून भरायचा, तर मजुरीतून, नाहीतर दुसऱ्या संस्थेकडून घेऊन. बुडायला सुरुवात इथंच होते. एखाद्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असं रिझर्व्ह बँकेचं २०२२ पासूनचं बंधन आहे. वसुलीला येऊन दारात बसणं, शिव्या देणं, भांडी उचलणं याला कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढून दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. पोलिसांत जाता येतं. शेतीच्या पेरणीला हा पैसा घेऊ नये, हे मात्र आम्ही प्रत्येक बाईला हात जोडून सांगतो.

विम्याबद्दल थोडं. पीककर्जाबरोबर पंतप्रधान पीकविम्याचा हप्ता कापतात: खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी आणि बागायती पिकांना ५. २०२० च्या खरिपापासून तो ऐच्छिक आहे. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं. भरपाई नाकारली जाते ती बहुधा एकाच कारणानं: विम्याच्या अर्जात भात आणि पीक समीक्षेच्या अॅपवर सोयाबीन. समीक्षा करायला येणारा मुलगा बांधावरून फोटो काढून जातो. त्या दिवशी रानात हजर राहून कोणतं पीक भरलं ते बघून घ्या.

सीमाभागातला कागद कन्नड असतो. त्यातले चार-पाच शब्द कानावर असले तरी बाई निम्मी सावध होते. ‘साल’ म्हणजे कर्ज. मराठीत साल म्हणजे वर्ष, म्हणून इथं घोटाळा होतो. ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘असलु’ म्हणजे मुद्दल, ‘कंतु’ म्हणजे हप्ता. ‘जामीनु’ दिसला तर थांबा, तो कागद तुमच्या कर्जाचा नसून तुम्ही दुसऱ्याला जामीन राहत असाल. दुसऱ्याचं थकलं की तुमचा सिबिल बिघडतो.

कार्ड आणि पिन स्वतःजवळ ठेवा, मुलाजवळ देऊ नका. कर्ज बाईच्या नावावर निघतं आणि पैसे एटीएममधून दुसऱ्याच्या हातानं निघून गाडीच्या हप्त्याला जातात, हे बँकेला कधीच कळत नाही. थकबाकीच्या नोटिशीवर मात्र नाव तिचंच येतं.

कर्ज फिटल्यावर एक काम उरतं. बेबाकीचा दाखला घेऊन घरी येऊ नका. ११ नंबरचा बोजा संघानं किंवा बँकेनं ऑनलाइन उतरवल्याशिवाय उताऱ्यावरून जात नाही आणि ते करायचं राहून जातं. पंधरा दिवसांनी नाडकचेरीतून नवा उतारा काढा, ११ नंबर कोरा आहे का बघा, नसेल तर दाखला आणि उतारा दोन्ही घेऊन पुन्हा संघात जा. कोरा झालेला उतारा घरच्या ट्रंकेत, रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला पहिला कागद तोच लागतो.